वडोदऱ्यात घर, खमासाला सिनेगॉग: नव्याने आलेल्या बेने इस्रायल कुटुंबांसाठी

बदली होऊन किंवा लग्न होऊन वडोदऱ्यात आलेलं आपलं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब पहिला प्रश्न विचारतं तो हा, की इथलं सिनेगॉग, आपलं प्रार्थनास्थळ, कुठे? इथे नाही. अख्ख्या गुजरातेत एकच आहे, तेही अमदावादला, खमासा भागात, पारशांच्या अग्यारीसमोर. नाव मगेन अब्राहम, बांधलेलं १९३४ सालचं. ठाण्याहून, पनवेलहून किंवा अलिबागकडून आलेल्यांना सणाच्या दिवशी आंघोळ करून निघायचं आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचं, एवढीच सवय असते. इथे शंभरेक किलोमीटर जायचं, आणि तिथे गेल्यावर मागे बसून राहता येत नाही, कारण माणसंच मोजकी आहेत. त्यामुळे वर्षभराचं सगळं जरा आखून करावं लागतं.

सगळ्यात आधी फोन

जायच्या आधी कळवायचं. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. कळवण्याची तीन कारणं आहेत, आणि तिन्ही वेगळी आहेत.

एक म्हणजे मिन्यान. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, काढून वाचता येत नाही. मुंबईत आपण असलो-नसलो तरी दहा होतातच. लहान मंडळीत मात्र आठ जण बसलेले असतात आणि दोघांची वाट बघत घड्याळ पुढे सरकत असतं. तुमच्या घरातून दोघे-तिघे येणार आहेत हे आदल्या दिवशी समजलं, तर व्यवस्था बघणाऱ्यांचं अर्धं काम होतं. घरातल्या कुणाच्या पुण्यतिथीचा कद्दीश म्हणायचा असेल तर आठवडाभर आधी सांगा. मग ते बाकीच्यांना हाक मारून दहा जमवतात. आणि यायचं रद्द झालं तर तेही कळवा. न येण्याचा राग कुणाला येत नाही, पण न सांगता न येण्याचा येतो, आणि त्यात त्यांचं काही चूक आहे असं मला वाटत नाही.

दुसरं कारण जेवण. सणाचं जेवण माणसं मोजून केलेलं असतं.

तिसरं सुरक्षा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर देशभरात सिनेगॉगच्या दारात चौकशी होऊ लागली आहे. अनोळखी चेहरा दिसला की नाव, गाव, ओळखपत्र विचारतात. आडनाव पेणकर असो की दिवेकर, पहिल्या खेपेला आधारकार्ड जवळ ठेवा आणि तिथल्या किंवा तुमच्या जुन्या मंडळीतल्या कुणाची तरी ओळख घेऊन जा. जुन्या मंडळीच्या सेक्रेटरींचं दोन ओळींचं पत्र असलं तर फारच बरं.

पंचांग दोन्ही लावा

आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पण ऑफिसात रजा टाकताना नेमकं तेच विसरतं. इंग्रजी कॅलेंडरवर छापलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच सण लागलेला असतो. म्हणून अर्धी रजा आदल्या दिवसाची, पूर्ण रजा सणाच्या दिवसाची. गुजरात सरकारने २०१८ मध्ये ज्यू समाजाला धार्मिक अल्पसंख्याक दर्जा दिला (महाराष्ट्रात तो २०१६ मध्ये मिळाला होता), पण त्यामुळे ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीत किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, आपोआप येत नाही. जानेवारीतच वर्षभराच्या तारखा साहेबांच्या हातात द्याव्यात.

वडोदऱ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे गणपती. आपलं नवं वर्ष लागतं तो तिश्री महिना आणि भाद्रपद-आश्विन हे बहुतेक वर्षी एकमेकांच्या अंगावर येतात. २०२६ चंच बघा. नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, शुक्रवारी ११ सप्टेंबरला संध्याकाळी लागतो आणि १३ तारखेला संपतो. लगेच १४ ला गणेश चतुर्थी. योम किप्पूर २० च्या संध्याकाळपासून २१ च्या रात्रीपर्यंत. सुक्कोत, म्हणजे मांडवांचा सण, लागतो २५ तारखेला संध्याकाळी, आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. म्हणजे तुम्ही अमदावादला निघालात त्याच वेळी दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, सूरसागर हा सगळा पट्टा विसर्जनाच्या मिरवणुकांनी भरलेला. रस्ते कुठे बंद होतात ते आदल्या दिवशी बघा आणि दुपारच्या आत शहर सोडा. शेजारच्यांच्या गणपतीला हजेरी लावायची असेल तर ती आधीच्या दिवसांत लावून घ्या. वडोदऱ्यातले मराठी शेजारी आपल्या सणाला फराळाची ताटं पाठवतात, तर त्यांच्या दारातल्या मांडवाला पाठ फिरवून चालत नाही.

अधिक महिना आपल्याकडेही आहे, एकोणीस वर्षांत सात वेळा. २०२६ च्या तिश्रीत सुरू होणारं ५७८७ हे हिब्रू वर्ष तसंच आहे. त्यात अदार महिना दोनदा येतो, म्हणून पुढचा पेसाख, म्हणजे इजिप्तमधून सुटकेचा सण, उशिरा, २१ एप्रिल २०२७ च्या संध्याकाळी. एप्रिलअखेरीच्या वडोदऱ्यात स्वयंपाकघर कसं तापतं ते इथला एक उन्हाळा काढल्यावर कळेलच.

जाणं आणि राहणं

वडोदरा ते अमदावाद गाड्या भरपूर आहेत, साधारण दोन तास धरा. एसटीने गेलात तर गीता मंदिरच्या स्थानकावर उतरा, तिथून खमासा रिक्षाने जवळ. रेल्वेचं कालुपूर स्टेशन जरा लांब पडतं, आणि जुन्या शहरातली गर्दी सणासुदीला रिक्षा अडवून धरते. प्रार्थनेच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी अमदावादला उतरलेलं बरं.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, आणि सणाच्या दिवशी वाहनात बसायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आमच्याकडेही दोन्ही मतांची माणसं आहेत आणि ती एकाच बाकावर बसतात. पाळणारे असाल तर लाल दरवाजाच्या बाजूला खोली घ्या. तिथून चालत जाता येतं. न पाळणारे असाल तर निदान सिनेगॉगच्या दारातच गाडी उभी करून हॉर्न वाजवू नका, एवढंच.

२०२६ मध्ये नव्याच्या सणाचा पहिला दिवस शनिवारी येतो. शब्बाथला शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, फुंकत नाहीत. मुलांना शोफार ऐकवायचा म्हणून एकाच दिवसाची खेप करणार असाल तर रविवारी, १३ तारखेला जा. शनिवारी मुलं हिरमुसून परत येतील.

आत गेल्यावर

दारावरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनांच्या डबीला, हात लावून बोटं ओठांना लावायची. पुरुषांनी टोपी घालायची, आणि ती घरूनच न्यावी. बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी. बसायची जागा बायका-पुरुषांची वेगळी. मधोमध तेबा, म्हणजे वाचनाचा चौथरा, आणि हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला, कारण इथून यरुशलेम पश्चिमेला. भव्य, उंच छताची वास्तू आहे. पहिल्यांदा गेल्यावर मान वर जातेच, पण फोन काढू नका. सणाच्या दिवशी फोटो नाही. फोटो हवे असतील तर परवानगी घेऊन आडवारी या.

प्रार्थना हिब्रूत, सेफार्दी पद्धतीने. राबाय, म्हणजे धर्मगुरू, नसतो. हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, किंवा जाणती माणसं चालवतात. तुम्हाला वाचता येत असेल तर सांगा, संकोच करू नका. तेबावर बोलावलं तर तोरापुढचे आशीर्वाद पाठ हवेत. नसतील तर देवनागरीत लिहून खिशात ठेवावेत. आपल्यातले कितीतरी जण आजही तसंच वाचतात.

प्रार्थना संपली की वडीलधारे हातबोशी करतात. दोन्ही तळवे पुढे करायचे, समोरच्याचे हात त्यात येतात, मग आपापली बोटं ओठांना लावायची. एकाकडून दुसऱ्याकडे असं सगळ्या खोलीत फिरत जातं. मुंबईत वाढलेल्या तरुण मंडळींना याची सवय सुटलेली असते आणि ती शेकहँडसाठी हात पुढे करतात. एकदा बघितलं की येतं. ओळखी इथेच होतात, हे ध्यानात ठेवून लगेच चपला शोधायला पळू नका. म्हातारी माणसं मराठीत विचारतील, "गाव कुठलं?" त्यांना उत्तर वडोदरा नको असतं. रोहा, चिंचोली, नवगाव, जे काही आडनावात दडलंय ते सांगा. पुढच्या पाच मिनिटांत तुमची एखादी चुलत आत्या त्यांच्या नात्यात निघते. तरुण पिढी मात्र गुजरातीत बोलते. "केम छो" म्हणायला लाजू नका.

किद्दूशचं शरबत

गुजरातेत दारूबंदी आहे, हे बाहेरून आलेल्यांना वाइनच्या बाटलीसाठी आठवतं. आपलं त्यावाचून अडत नाही. कोकणातल्या आपल्या घरांतून किद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, पूर्वापार मनुकांचं शरबतच होतं. पाव किलो काळ्या मनुका स्वच्छ धुऊन रात्रभर लिटरभर पाण्यात भिजत घाला, सकाळी चांगल्या कुस्करा, स्वच्छ फडक्यातून गाळा. कुणी आधी एक उकळी आणतात. रंग छान उतरतो आणि एक दिवस जास्त टिकतं. उकळी न आणलेलं शरबत वडोदऱ्याच्या हवेत संध्याकाळपर्यंत फसफसायला लागतं, म्हणून फ्रिजमध्येच ठेवा. सिनेगॉगमध्ये नेणार असाल तर तेही आधी विचारून. सगळ्यांनीच शरबत आणलं आणि फळं कुणीच नाही, असं होतं.

खाणं न्यायचं असेल तर बिनधास्त शाकाहारी न्या. मांसाबरोबर दूध नाही, आपल्या रीतीने हलाल केलेलं मांस कुठून आणलं हा प्रश्न, ही सगळी चौकशी त्यात टळते. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा नारळाच्या दुधात करतात, त्यामुळे तो कुठल्याही जेवणावर चालतो. गव्हाचा चीक घरी काढायचा तर तीन दिवसांचं काम आहे. भिजवणं, वाटणं, गाळणं, निवळी काढणं, आणि मग हात भरून येईपर्यंत ढवळणं. नोकरी करणाऱ्या घरात दोघींनी मिळून एकाच घरी करावा आणि वाटून घ्यावा. आमच्याकडे तसंच चालतं.

किप्पूर

वर्षात एकदाच जाणं जमणार असेल तर किप्पूरला जा. साधारण पंचवीस तासांचा उपास, पाणीही नाही. पांढरे कपडे, कातड्याच्या चपला-बूट नाहीत. वडोदऱ्याहून सकाळी निघून किप्पूर करता येत नाही, आदल्या दुपारीच जाऊन राहावं लागतं. उपास लागायच्या आधीचं जेवण सूर्यास्तापूर्वी उरकायचं, आणि सप्टेंबरच्या त्या दिवसांत सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. म्हणजे पाचला पानावर बसायचं. तिखट आणि खारट टाळा, पाणी दुपारपासून थोडं थोडं पीत राहा. चहा-कॉफी रोज चार-पाच वेळा घेणाऱ्यांनी आठवडाभर आधीपासून कमी करत आणावी. डोकं उठतं ते बहुतेकांचं चहा सुटल्यामुळे. मधुमेह असेल, गरोदर असाल, औषध चुकवता येत नसेल, तर डॉक्टरांना विचारा आणि त्यांनी नाही म्हटलं तर उपास करू नका. धर्मही तेच सांगतो.

दिवसभर बसवत नाही. दुपारी दोन-अडीचला सगळेच गळतात, माणसं पांगतात. नेमकी तेव्हाच दहाची मोजणी अडचणीत येते. तरुण असाल तर त्या वेळात बाहेर जाऊ नका. नेइलाला, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेला, सगळे परत येतात, सगळे उभे असतात, आणि शेवटी शोफारचा एक लांब सूर. मग शरबत, आणि सांजा भरलेल्या गोड पुऱ्या, दिसायला करंज्यांसारख्या. पहिलीच पुरी घाईने खाऊ नका, पोट रिकामं असतं.

दुसरा दिवस शिळा सण. पूर्वी त्या दिवशी नातेवाइकांकडे जायचं आणि दानधर्म करायचा. वडोदऱ्यातल्या दोन-चार घरांनी तो दिवस जमण्यासाठी ठेवावा. सकाळी परतलेले सगळे संध्याकाळी एकाच घरी भेटले तर निम्मा शीण जातो. रजा त्याही दिवसाची टाका.

सुक्कोतबद्दल थोडक्यात. सिनेगॉगच्या सुक्क्याला, म्हणजे मांडवाला, झावळ्या आणि फळं लागतात, आणि ती बांधायला हात. झावळ्या वडोदऱ्याहून न्यायच्या फंदात पडू नका, पण फळं जरूर न्या. सिम्हात तोराला, म्हणजे तोरा वाचून पूर्ण झाल्याच्या सणाला, २०२६ मध्ये ३ ऑक्टोबरच्या रात्री आणि ४ ला, नाचणं असतं आणि मुलांना खाऊ. मुलं असतील तर पहिल्या वर्षी याच सणाला न्या. लांब प्रार्थनेला घाबरलेली मुलं इथे खुलतात.

वडोदऱ्यात आपल्या घरी: मलिदा

इथल्या मंडळींची खरी भेट होते ती मलिद्याला, म्हणजे गोड पोह्यांच्या ताटाभोवती करायच्या प्रार्थनेला. त्याला सिनेगॉग लागत नाही. नवं घर, नोकरी, परीक्षा, दुखण्यातून उठणं, परदेशी जाणं, लग्नाआधी, काहीही कारण पुरतं. एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. तू बिशवातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, तर तो आपल्यात ठरलेलाच. अलिबागजवळ खंडाळ्याला हनाबीच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात, तिथे त्या दिवशी मोठी गर्दी होते. तिकडे जाणं झालं नाही तर इथे घरी करावा.

दहा-बारा माणसांना अर्धा किलो पोहे धुऊन निथळून घ्या. एक मोठा नारळ खवून, पाव किलो साखर किंवा किसलेला गूळ, वेलची, जायफळ, वर बदाम-पिस्त्याचे काप. गूळ घातला तर पोहे जरा कोरडे ठेवा, नाहीतर गिचका होतो. मोठ्या ताटात ढीग करायचा आणि भोवती पाच फळं. खजूर त्यात हवाच, आणि केळंही हवंच, कारण झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीतून आलेल्याचा वेगळा. केळं दुसऱ्यात मोडतं. वासासाठी गुलाब किंवा सब्जाची डहाळी. फळं-फुलं दोन्ही खंडेराव मार्केटमध्ये एका खेपेत मिळतात. सब्जा मिळाला नाही तर गुलाबावर भागवा.

वेळ संध्याकाळची ठेवा, आणि कुणीतरी एक जण प्रार्थना म्हणणारा आहे ना, हे ताट मांडायच्या आधी नक्की करा. सगळे जमले आणि एलियाहू हनाबीचं गाणं सोडून कुणाला काहीच पाठ नाही, अशी वेळ येते. मग अमदावादहून कुणाला तरी फोनवर घ्यावं लागतं, आणि ते स्पीकरवरून फार विचित्र वाटतं. एखादी आजी जुनी मराठी कीर्तनं म्हणणारी असेल तर तिला आग्रह करा आणि तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. ज्यांना ती येतात अशी माणसं आता थोडी उरलीत.

शेजाऱ्यांना मलिद्याला बोलवावं का? बोलवा. यात दूध नाही, मांस नाही, कांदा-लसूणही नाही. दांडिया बाजारातल्या जोशीकाकूंपासून समोरच्या शाहबेनपर्यंत कुणालाही चालतो. पाहुण्यांना एवढंच सांगा, की पुरुषांनी डोकं झाकायचं, प्रार्थना चालू असताना उभं राहायचं ते आपण उभे राहिलो की, आणि प्रसाद हातात आल्याबरोबर खायला हरकत नाही. भेट आणायची असेल तर फळं आणावीत. बेकरीतला केक आणतात, मग त्यात काय आहे याची चर्चा सुरू होते आणि बिचारे ओशाळतात. अमदावादला सिनेगॉग बघायला यायची इच्छा दाखवली तर सणाच्या दिवशी नको. आडवारी, परवानगी घेऊन, तुम्ही स्वतः सोबत जाऊन दाखवा.

हनुक्का, म्हणजे दिव्यांचा सण, घरातलाच. आठ रात्री, तेलाच्या वाती किंवा मेणबत्त्या, २०२६ मध्ये ४ डिसेंबरपासून. ती शुक्रवारची रात्र आहे, म्हणून हनुक्काचा दिवा आधी आणि शब्बाथचे नंतर, दोन्ही सूर्यास्ताच्या आत. इथल्या घरांनी एकेक रात्र वाटून घेतली तर आठही रात्री कुठे ना कुठे जमणं होतं. पुरीमला, म्हणजे राणी एस्तेरच्या सणाला, मुलांचे सोंगांचे कपडे वडोदऱ्यात सहज भाड्याने मिळतात. एस्तेरची मेगिल्ला, म्हणजे तिची पोथी, ऐकायची तर पुन्हा खमासा.

पेसाखची तयारी

याला महिनाभर द्या. हमेत्स, म्हणजे पेसाखला न चालणारे आंबलेल्या धान्याचे पदार्थ, काढायचं म्हणजे पीठ, रवा, पाव, बिस्किटं सगळं घराबाहेर. कपाटांमागे, मुलांच्या दप्तरात, गाडीच्या सीटखालीसुद्धा बघायचं. पूर्वी घराला चुना लावायचे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायचे. आता स्टीलची भांडी उकळत्या पाण्यातून काढतात, पण आजीची पातेली आणली असतील तर कल्हईवाला अजून जुन्या शहरात विचारपूस केल्यावर सापडतो. वेळेवर गाठा, लग्नसराईत तोही अडकलेला असतो. तांदूळ आपल्यात पेसाखला चालतो, हे सासरी नवीन आलेल्या आणि इंटरनेटवर वाचून घाबरलेल्या सुनांना सांगून ठेवा. मात्र निवडून ठेवायचा, एकही गव्हाचा दाणा नको. खजुराचा पाक आदल्या आठवड्यात करून ठेवला तरी टिकतो.

हगादा, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, मराठीत हवी असेल तर वडीलधाऱ्यांकडे विचारा. हिब्रूबरोबर मराठी छापलेली हगादा १८४६ पासून आहे, आणि बऱ्याच घरांत एखादी जुनी प्रत कापडात गुंडाळून ठेवलेली असते. तिची झेरॉक्स काढून सगळ्यांना द्या, म्हणजे सेदेरला, त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, ताटाभोवती बसलेल्या प्रत्येकाला वाचायला येतं.

मात्साचं, म्हणजे पेसाखच्या न आंबवलेल्या रोटीचं, मात्र अमदावादशीच जमवा. किती घरं, किती माणसं, किती दिवसांचं, हा आकडा पुरीम झाला की लगेच कळवायचा. वडोदऱ्यातल्या सगळ्या घरांचा मिळून एकच आकडा द्या आणि आणायला एकालाच पाठवा. जाताना जाड पुठ्ठ्याचा खोका न्या. प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेल्या मात्साचा घरी पोचेपर्यंत चुरा होतो.